सरकी

दर्यापूर रोडवरच्या बंद जिनिंगच्या शेडमध्ये,
जिथं कापूस दाबून गाठी बांधत,
आता आम्ही सहा जण
संध्याकाळी सातनंतर स्वतःला दाबून घेतो.

बाक एसटी स्टँडवरून रद्द झालेला,
रॉड भंगारातला, अठरा किलोचा,
चकत्या गावच्या लोहाराच्या.
काट्यावर चढवल्या तेव्हा कळलं,
एक नऊ किलो चारशे, तिची जोडीदारीण दहा दोनशे.
जड होती तिच्यावर देविदास मेश्रामनं
लाल ऑइलपेंटनं लिहिलं: मोठी सून.
आज ती डावीकडे, उद्या उजवीकडे.

मी ऐंशी मारायचो.
म्हणजे ऐंशी माझ्यावर पडायचे,
छातीवर टप्पा खाऊन अर्ध्यापर्यंत जायचे,
पुढचं अंतर मी ढुंगण उचलून, मान वाकडी करून,
ओरडून कापायचो.
पोरं मोबाइल काढायची.
सकाळी पंपहाउसवर वॉल्व्ह फिरवताना
खांद्यात खिळा.
छाती मात्र होती तिथंच,
इस्त्रीच्या टेबलासारखी.

मेश्रामनं तीन दिवस नुसतं पाहिलं.
चौथ्या दिवशी सगळ्या चकत्या काढून भिंतीला टेकवल्या.
"रॉड घे."
भाऊ, लोक पाहून राह्यले.
"पाहू दे. झोप."

कोपऱ्यातल्या जुन्या ढिगातून
एक सरकी उचलली, फुंकली,
माझ्या पाठीखाली ठेवली, दोन खवाट्यांच्या मधोमध.
"हे चिमटीत धर. पाठीच्या चिमटीत.
सुटली का समज, खांदा पुढं आला.
पाय रोव. पऱ्हाटी उपटताना रोवतं तसे.
कोपरं पसरू नोको, बगळा हायेस का?
अंगाले चिकटवू बी नोको. मधात ठेव.
रॉड छातीच्या खालच्या अंगाले येऊ दे, गळ्यावर नाही.
टेकव. आपटू नोको.
झोपलेलं लेकरू खाली ठेवतं का नाही, तसा.
थांब एक घडी.
आता पायानं जमीन ढकल,
मंग रॉड."

तीन आठवडे अठरा किलो.
शेजारी दहावीतला कुणाल साठ मारून
माझ्याकडे न पाहण्याचं नाटक करायचा.
सरकी रोज पडायची, बाकाखाली टिक् करून,
आणि मेश्राम प्रत्येक वेळी
वाकून नवीन घ्यायचा.
मग एकदा पडली नाही.
त्या रात्री छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना
एक दुखणं आलं.
नवीन. खांद्याचं नव्हतं.
मी कुशीवर वळून त्याला दाबून पाहिलं,
जसं पहिल्या पगाराचं पाकीट पाहतात.

दिवाळीला कलीम टेलरनं टेप लावली:
सदतीस होती ना तुझी?
पुन्हा लावली.
साडेअडतीस. घाट ढिला ठेवू का?

आणि मार्गशीर्षात, थंडी,
सत्तर किलो, पाचवी खेप,
रॉड छातीला टेकलेला,
लाइट गेली.

आरसा गेला. रॉड गेला. हात गेले.
वर पत्र्यात वटवाघूळ फडफडलं.
डोक्यामागून आवाज:
"मी हाय. श्वास सोडू नोको."
मग फक्त पाठीतली ती बारकी टोचणी,
पायाखालची फरशी,
आणि सत्तर किलो अंधार
माझ्या मापानं, हळूहळू, वर.
खाचेत खट्ट.

आम्ही दारात जाऊन बसलो.
त्यानं तंबाखूची डबी दातांनी उघडली.
दोन वर्षं मला वाटायचं,
डावा हात खिशात ठेवायची त्याची ऐट आहे.
"गाठ घसरली होती. एकशे सत्तर किलोची.
तवापासून हा छातीच्या वर येत नाही."
सहज सांगितलं. याच शेडमध्ये.

मघाशी तुम्ही मागं होते.
"होतो."
रॉड पडला असता तर?
त्यानं चुना चोळला, बराच वेळ.
"पडला का?"

लाइट आली तेव्हा दोन सेट बाकी होते.
मोठी सून त्यानं उजव्या हातानं उचलली,
माझ्या डावीकडे लावली.
मी गुडघ्यावर बसून
बाकाखाली
सरकी शोधत होतो.